साळोलीचं मत

मतदान गुप्त असतं, ही गोष्ट मावळ तालुक्यात भागूआबांना सोडून सगळ्यांना पटली होती. इंग्रजी अमदानीत कौन्सिलच्या निवडणुकीचा दिवस आला की आबा पलटणीतला खाकी कोट चढवून वडगावच्या कचेरीत हजर होत. अधिकाऱ्यापुढे टाचा जुळवून खाडकन सलाम ठोकत आणि बाहेर घोडी बांधलेल्या झाडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "साळोली गावाचं मत अमक्या-अमक्याला."

लिहिता न येणाऱ्याने नाव सांगायचं आणि अधिकाऱ्याने कागदावर फुली करायची, अशी तेव्हा सोय होती. पण ते नाव हळूच सांगायचं असे. अधिकारी बिचारा पुण्याहून आलेला, टांग्यात कंबर मोडून घेतलेला. तो म्हणे, "अहो, हळू बोला. आणि गावाचं नको, तुमचं मत सांगा."

"माजं येगळं हाय," आबा म्हणत. "पर माजं कोन इचारतंय?"

मी त्या कचेरीत कारकून होतो. जन्मभर दुसऱ्याच्या सहीला जागा सोडून वर लिहीत आलो, त्यामुळे निवडणुकीबद्दल मला कधी फार उत्साह वाटला नाही. पुढाऱ्याला निवडणूक म्हणजे दिवाळी. कारकुनाला ते चार महिन्यांचं लग्नघर. त्यात नवरदेव कोण ते शेवटपर्यंत ठरत नाही आणि जेवलात का म्हणून कोणी विचारत नाही. आमच्या जिल्ह्याचे उमेदवार बहुधा पुण्यात राहत. मावळात ते मोटारीने येत, कामशेतच्या चिखलात मोटार रुतली की ती ढकलायला जे शेतकरी जमत त्यांनाच भाषण ऐकवत आणि परत जात. निवडून आलेल्या एका मेंबरांनी कौन्सिलात मावळचं नाव काढलं होतं, असं मी ऐकून आहे. लोणावळ्याची हवा दम्याला चांगली, एवढ्यापुरतंच.

मताचा हक्क तेव्हा सरसकट नव्हता. ज्याचा शेतसारा भक्कम तो मतदार, नाहीतर मग सरकारी पलटणीतून परत आलेला शिपाई. साळोलीत सगळ्यांची भातखाचरं टीचभर. त्यामुळे उभ्या गावात मतदार एकच, पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईवर जाऊन आलेले आबा, म्हणजे पलटणीतले नाईक भागूजी. आबांची अशी पक्की समजूत होती, की सरकारने हे मत गावाला दिलं आहे आणि वडगावपर्यंत पोचवायला फक्त आपल्याला नेमलं आहे. मी पुष्कळ सांगून पाहिलं. "आबा, हे मत तुमचं आहे. तुम्ही लढलात म्हणून तुम्हाला मिळालं." त्यावर देवळातली घंटा घरी घेऊन जा असं सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत.

आता साळोली गाव दाखवा म्हणाल तर ते मला जमणार नाही. टाकव्याच्या वर, आंद्रा नदीच्या खोऱ्यात ते होतं. विजेसाठी धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. कोणी टाकव्यात राहिलं, कोणी तळेगावला गेलं, कोणी सोमाटण्याला. हसन मुलाणी लोणावळ्याला जाऊन स्टेशनवर टांगा हाकू लागला. आबांची बायको मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, तेव्हा ते लढाईवर होते. परत आल्यावर त्यांनी टाकव्याला एक खोपट बांधलं आणि एकटेच राहू लागले.

निवडणूक लागली, की मात्र साळोली पुन्हा वसायची. म्हणजे आबा घरोघर जायचे. गाव एका जागी असतं तर चावडीवर बसून तासाभरात उरकलं असतं. पण पाण्याने गावाचे तुकडे तालुकाभर टाकलेले, त्यामुळे आबांना पुरा मावळ पायाखाली घालावा लागे. दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "गाव इचारतंय, मत कुनाला?" बाप्यांना विचारायचं तसं बायांनाही. त्या बायांना कुठे हक्क आहे, असं मी एकदा म्हणून बसलो. "मंग भाकऱ्या बी बाप्यांनीच थापायच्या का?" आबा म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी तुटक वागले.

मतं मोजायची त्यांची रीत होती. कोटाला चार खिसे. चार उमेदवार असले की एकेकाला एकेक खिसा. कनवटीला चिंचोके बांधलेले. ज्या घराने ज्याचं नाव घेतलं त्याच्या खिशात एक चिंचोका. ज्याचा खिसा जड, त्याला गावाचं मत. एका वर्षी पाचवा उमेदवार उभा राहिला, तेव्हा आबांनी तळेगावच्या शिंप्याकडून कोटाला आतून पाचवा खिसा लावून घेतला. पुढे त्या गृहस्थांनी अर्जच मागे घेतला. त्यांच्या घरच्यांनाही वाटलं नसेल इतकं वाईट आबांना वाटलं. त्या खिशात मग ते तंबाखू ठेवू लागले.

सगळी घरं काही सरळ उत्तर देत नसत. हसन मुलाण्याने विचारलं होतं, "आबा, यातलं टांग्यात कोन बसतंय?"

"सगळे मोटारीतले हाईत."

"मंग माजा चिंचोका तुमीच भाजून खावा."

"खायाचा न्हाई, टाकायचा," आबा म्हणाले, आणि हसन नाव घेईपर्यंत त्याच्या टांग्यातून उतरले नाहीत. गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं ते वेगळंच.

स्वतःचा चिंचोका आबा सगळ्यात शेवटी टाकत, आणि नेमका तो खिसा हलका निघे. माझ्या आठवणीत त्यांनी स्वतःला हव्या असलेल्या माणसाला एकदाही मत दिलं नाही. मतदान उरकून कचेरीच्या पायरीवर टेकत आणि मला सांगत, "या खेपेला बी पडलो, भाऊसायब." उमेदवार निवडून येवोत नाहीतर न येवोत, आबा दर निवडणुकीत पडत. बरं, तुम्हाला हवा होता तो कोण, असं विचारावं, तर तेवढ्यात साहेब मला हाक मारत आणि ते राहून जाई.

या सगळ्या फिरतीत एक घर अवघड होतं. सोमाटण्याला त्यांचा धाकटा भाऊ राघू राहत होता आणि आबा त्याच्याशी बोलत नव्हते.

लढाई संपून पुष्कळ दिवसांनी आबांची सुटका झाली. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ते कामशेतला उतरले, टाकव्यावरून वर चालत गेले आणि पाण्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले. राघूने घराचे वासे, दाराची चौकट, जातं, पाटा, सगळं उतरवून गाडीत घातलं होतं आणि सोमाटण्याला नेऊन तिथे घर उभं केलं होतं. यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पाणी कोणाची वाट बघत नाही. पण आबांच्या मनात बसलं ते बसलं. "माजी वाट बघितली न्हाई," एवढंच ते म्हणत. चौकट त्यांच्या बापाने घडवलेली. पण सोमाटण्याला ती उभी राहिल्यापासून त्यांनी तिच्यातून आत पाऊल टाकलं नाही. सणाला नाही, पुतणीच्या लग्नालाही नाही.

फक्त मत विचारायला जात. राघू भाऊ आहे की नाही हा प्रश्न वेगळा, तो साळोलीचा होता हे आबांना नाकारता येत नव्हतं.

एकदा कचेरीच्या कामाने मी सोमाटण्याला निघालो होतो आणि तळेगावपुढे रस्त्यात आबा भेटले. माझे पाय आधीच बोलत होते, सोबत मिळाली म्हणून बरं वाटलं. राघूच्या घराशी आलो. आबा ओट्यावर चौकटीकडे पाठ करून बसले. राघू आतून आला, मला रामराम केला आणि खाली अंगणात टेकला. बराच वेळ दोघे रस्त्यावरच्या बैलगाड्या बघत राहिले. मी मधे बसून दोघांच्या वतीने घाम पुसत होतो.

"गाव इचारतंय," आबा रस्त्याला म्हणाले. "मत कुनाला?"

राघूने घसा साफ केला. "उभं कोन कोन हाय?"

आबांनी नावं सांगितली. मग राघूने चौकशी मांडली. पहिल्याची शेती कुठे आहे? दुसऱ्याला पोरंबाळं किती? तिसऱ्याने भाताचं खाचर कधी डोळ्याने बघितलंय का? खाचरावरून गोष्ट टाकव्याच्या भातावर आली. यंदा पीक कसं, असं त्याने विचारलं. बरं हाय, असं आबांनी रस्त्याला सांगितलं. मग चौथ्या उमेदवाराचं बोलणं चालू असतानाच राघूने मधे घातलं, "खोकल्याला काय घेता?"

"अडुळसा."

"मधातनं घेत जावा."

"चौथ्याचं काय म्हनतोस?" आबा म्हणाले.

आतून गुळाचा चहा आला. आबांनी घेतला. मत विचारायला आलेल्या माणसाने चहाला नाही म्हणू नये, असा त्यांचा नियम होता. कपबशी खाली ठेवून त्यांनी कनवटीचा चिंचोका काढून हातात धरला. "मंग कुनाला?"

"इचार करून सांगतो," राघू म्हणाला. "परवा या."

परतीच्या वाटेवर आबा करवादत होते. "लय चिकट मानूस. दर खेपेला असंच. बाकी गाव उभ्या उभ्या सांगतंय, आन ह्याला दोन-दोन, तीन-तीनदा इचारावं लागतंय." टाकव्याहून सोमाटण्याला यायचं म्हणजे सकाळी निघालेल्या माणसाची दुपार होते. मी म्हटलं, "मग सोडून द्या ना त्याचा चिंचोका. एका चिंचोक्याने काय होतंय?" आबा थांबले. "आसं कसं सोडता यील?" म्हणाले. त्यांच्या तोंडावर करवादणाऱ्या माणसाचा भाव काही नव्हता. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

परवा ते पुन्हा गेले. राघूला आणखी विचार करायचा होता.

पुढे नवा कायदा आला. कौन्सिल जाऊन असेंब्ली झाली आणि मताचा हक्क बराच खाली उतरला. थोडा सारा किंवा घरभाडं भरणाऱ्यालाही मत मिळालं. कचेरीत आम्ही नावं लिहून लिहून वाकलो, आणि साहेब म्हणाले की देश पुढे चालला आहे. असेल. माझी मान त्या दिवसांत मागेही वळत नव्हती. पण आबांची पायपीट वाचणार म्हणून मला बरं वाटलं. साळोलीतल्या बऱ्याच जणांना आपापलं मत मिळालं होतं. आबा आले तेव्हा मी त्यांना बसवून बातमी दिली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "राघूला बी?"

"त्यालाही. सोमाटण्याची जमीन त्याच्या नावावर आहे ना."

आबा उठले आणि गेले. चार दिवसांनी परत आले ते हरकतीचा अर्ज लिहून द्या म्हणून. म्हणाले, "राघूचं नाव काडा."

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं धुमसत होतं ते शेवटी कचेरीत आलंच, असं मला वाटलं. भाऊबंदकीचे अर्ज लिहून माझा टाक विटला होता. निदान आबांकडून तरी ही अपेक्षा नव्हती. मी विचारलं, "कारण काय लिहू?"

"एका घरात दोन मतं कशाला?"

"आबा, घर एक कुठे आहे? तुम्ही टाकव्याला, तो सोमाटण्याला."

"वाटनी कवा झाली? वासं तर समदं तितंच हाईत."

"बरं. पण त्याला मत मिळालं तर तुमचं काय बिघडतं?"

आबांनी कोटाच्या रिकाम्या खिशात हात घातला आणि तो तसाच ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "भाऊसायब, त्याला त्याचं मत मिळालं, तर म्या सोमाटन्याला कशापायी जायाचं?"

माझा टाक थांबला. मी म्हटलं, "आबा, भावाकडे जायला मत कशाला लागतं? असेच जा."

"इतकी वरसं न्हाई गेलो. आता काय म्हनून जाऊ?"

मला मनापासून वाईट वाटलं. मी अर्ज लिहिला आणि कारणाच्या जागी 'एकत्र कुटुंब' असं घातलं. दुसरं काही घालण्यासारखं नव्हतं.

सुनावणीला दोघेही आले. मामलेदारांपुढे एक या टोकाला, एक त्या टोकाला उभा. दुपारची वेळ, पंख्याची दोरी ओढणारा शिपाई पेंगत होता. मामलेदारांनी अर्ज वाचला आणि राघूला विचारलं, "तू याचा भाऊ?"

"व्हय."

"तुला मत नसावं असं हा म्हणतो. तुझं म्हणणं काय?"

राघू फरशीकडे बघत म्हणाला, "दादा म्हनत्यात त्ये बरोबर हाय. मला मत नगं."

मामलेदारांनी चष्मा काढला. "या तालुक्यात बांधाच्या वीतभर मातीसाठी भाऊ भावाचं डोकं फोडतो," ते म्हणाले. "आणि तुम्ही दोघे सरकारनं दिलेलं परत करायला आलात?"

मग चष्मा पुन्हा चढवून त्यांनी अर्जावर शेरा लिहिला.

"कायद्यानं मिळालेला हक्क असा परत घेता येत नाही. टाकायचं नसेल तर टाकू नका. अर्ज नामंजूर."

बाहेर पायरीवर दोघे क्षणभर उभे राहिले. विचारायला काही नव्हतं, त्यामुळे बोलायलाही काही नव्हतं. राघूने धोतराचा सोगा झटकला, आबांनी कोटाची गुंडी लावली. एक तळेगावच्या रस्त्याला लागला, एक टाकव्याच्या. मी खिडकीतून बघत होतो. मला वाटलं, दोघांना गचांडी धरून परत आणावं. पण पुढचा अर्जदार समोर येऊन बसला होता.

मतदान जवळ आलं तेव्हा कामासाठी मला टाकव्याला जावं लागलं. तिथपर्यंत गेलोच आहे तर म्हणून आबांच्या खोपटाशी वळलो. ते दारात बसले होते. कोट आत खुंटीला टांगलेला. ज्यांना अजून मत मिळालं नव्हतं, त्यांच्याकडे ते जाऊन आले होते. पण खिशात खुळखुळण्याइतकेही चिंचोके जमले नव्हते. हसनला मत मिळालं होतं. तो म्हणाला म्हणे, आबा, आता तुमी कशाला तरास घेता?

"साळोली उठली, भाऊसायब," आबा म्हणाले. "ज्याचं त्याला मिळालं. चांगलंच झालं."

आवाज मात्र चांगलं झाल्याचा नव्हता. मी शेजारी टेकलो. थकलो होतो, आणि त्यांना एकटं सोडून उठवतही नव्हतं.

एवढ्यात खाचरांच्या बांधावरून कोणीतरी येताना दिसलं. उन्हातून चालून चालून चेहरा तांबडा झालेला. जवळ आल्यावर ओळख पटली, राघू होता. टाकव्याला तो पहिल्यांदाच येत होता. घर विचारत विचारत आला असावा. त्याने मला रामराम केला आणि तो खोपटाच्या दाराकडे पाठ करून खाली बसला. आबा समोरच्या डोंगराकडे बघू लागले. राघूही तिकडेच बघू लागला.

"मला मत दिलंय सरकारनं," राघू डोंगराला म्हणाला.

"ठावं हाय."

"एकल्यानं कसं टाकायचं, त्ये मला उमगंना. म्हून इचारायला आलोय."

"कुनाला?"

राघूने मूठ उघडली. तळहातावर घामाने ओला झालेला एक चिंचोका होता. "तुमाला," तो म्हणाला. "दादा, तुमचं मत कुनाला हाय?"

आबांनी त्या चिंचोक्याकडे पाहिलं. मग ते उठले, आत गेले आणि खुंटीवरचा कोट अंगात घालून बाहेर आले. वरपासून खालपर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या. उमेदवारांची नावं सगळ्या मावळात त्यांच्याइतकी कोणाला पाठ नसतील. पण त्यांनी बसून घसा साफ केला आणि विचारलं, "उभं कोन कोन हाय?"

राघू सांगू लागला. आबांनी पहिल्याची शेती विचारली, दुसऱ्याची पोरंबाळं विचारली. तिसऱ्याचं चालू असताना ते चूल पेटवायला आत गेले आणि आतूनच त्यांनी विचारलं, पोरगी नांदतीया न्हवं सुखानं? मी चपला पायांत सरकवल्या. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडून कोण निवडून गेलं, ते आज मला आठवतही नाही.

बांधापर्यंत पोचलो तेव्हा मागून राघूचा आवाज आला, "मंग कुनाला, दादा?"

"इचार करून सांगतो," आबा म्हणाले. "परवा ये."